राउटर बदलायच्या आधी वायर बघा

चार दिवस नेट सारखं येत-जात होतं. मीटिंगमध्ये आवाज तुटायचा, मग पाच मिनिटं ठीक, मग परत तेच. मी दर वेळी राउटर बंद-चालू करत होते आणि दोन-तीनदा तेवढ्यावर नेट आलं पण, म्हणून राउटरच गेलाय असं मी धरून चालले, नवीन घ्यायच्या बेतात होते. निघालं काय तर कपाट सरकवताना मागची फायबरची वायर भिंतीला चेपली गेली होती.

तांब्याची वायर थोडी वाकली तरी खपून जातं, पण फायबरच्या आत काच असते आणि फार वाकवली की प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. घरात वापरायची खास फायबर सुद्धा जेमतेम ७.५ ते १० मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते, साध्या फायबरला तर ३० मिलिमीटर लागतात. आणि गंमत म्हणजे वायर तुटलेली नसते, त्यामुळे नेट पूर्ण बंद पडत नाही, नुसतं लटकत राहतं.

हे कळलं कसं तर ओएनटीच्या, म्हणजे फायबरची वायर ज्या डब्याला जोडलेली असते त्याच्या, सेटिंग पेजवर आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, प्रकाश किती पोचतोय ते सांगणारा. जीपॉनच्या (एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याची पद्धत) कनेक्शनला तो साधारण मायनस ८ ते मायनस २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) मध्ये हवा, माझा मायनस २९ होता, म्हणजे प्रकाश कमी पडत होता. वायर मोकळी केली आणि मायनस १९ झाला. १० डीबीचा फरक म्हणजे दहापट प्रकाश!! तेव्हापासून एकदाही नेट गेलं नाही.

ओएनटीवरचे दिवे पण बघत जा. एलओएस लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये, तिथे रीस्टार्ट करून काही होत नाही, तक्रारच करायची. पॉन लुकलुकत राहिला तर प्रकाश थोडाफार येतोय पण पलीकडच्या, कंपनीच्या मशीनशी जोडणी होत नाहीये. दोन्ही ठीक आणि तरी नेट नाही तर मग लॉगिन, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) किंवा कंपनीकडचा घोळ. हिरवा कनेक्टर मात्र उगाच काढू नका, टोकाला धूळ बसली तरी सिग्नल पडतो, आणि टोकात डोकावून तर अजिबात बघू नका, तो लेझर डोळ्यांना दिसत नाही पण असतो.

नेट चालू आहे पण स्लो आहे, ही वेगळी भानगड. आधी लॅपटॉपला लॅन केबल लावून स्पीड मोजा. केबलवर पूर्ण आणि वायफायवर अर्धा तर दोष वायफायचा, ५ गीगाहर्ट्झवर जा किंवा राउटर जवळ आणा, २.४ वरच राहायचं असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ ठेवा. केबलवरच स्पीड ९४-९५ एमबीपीएसला अडकतोय आणि प्लॅन त्याहून मोठा आहे? बहुतेक केबलमधल्या आठपैकी एखादी तार गेलीय किंवा पोर्टच १०० चा आहे. आणि फक्त रात्रीच केबलवरही स्लो असेल तर तीन-चार दिवस वेळ आणि स्पीड लिहून ठेवा, जीपॉनचे सुमारे २.५ जीबीपीएस अनेक घरांत वाटले जातात, ३२ किंवा ६४ सुद्धा, त्यामुळे गर्दीच्या वेळी फरक पडू शकतो.

तक्रार करताना "नेट चालत नाही" एवढंच सांगू नका. कुठला दिवा कसा आहे, आरएक्स पॉवर किती, केबलवर स्पीड किती, हे तिन्ही सांगा, म्हणजे "राउटर रीस्टार्ट करून बघा" यातच अर्धा तास जात नाही.