परसातली दहा बाय बाराची खोली

मागच्या अंगणात गेलेला प्रत्येक जण विचारतो, "एवढ्याशा खोलीत तुमचं काम, लेकीचा अभ्यास, पाहुणे, सगळं बसवलंत कसं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आमचं घर बडोद्यातल्या जुन्या सोसायटीतलं. मी घरून हिशेबाची आणि जीएसटीची कामं करते, लेक बारावीला आहे, सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे आणि दिवाळीत पुण्याहून नणंद येते. खोलीचा नकाशा काढण्याआधी आम्ही सगळे एक कागद घेऊन बसलो. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंतचे तास लिहिले आणि कोणाला कधी काय लागतं ते पुढे मांडलं. तेव्हा कळलं, की दोघींना एकाच वेळी टेबल लागतच नाही. दहा ते पाच खोली माझी, सातनंतर लेकीची. म्हणून टेबल एकच केलं, चार फूट बाय दोन, भिंतीला बिजागऱ्यांवर. पाहुणे आले की ते वर दुमडायचं आणि दिवाणाखालच्या गाद्या जमिनीवर अंथरायच्या.

खरा वाद झाला तो जोत्यावरून, म्हणजे खोलीची जमीन अंगणापासून किती उंच घ्यायची यावरून. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा आमच्या अंगणात दोन फूट पाणी होतं. ओसरल्यावर तुळशीवृंदावनावर राहिलेली चिखलाची रेघ मी टेपने मोजली होती. त्यामुळे अडीच फुटांखाली जोतं घ्यायचं नाही, यावर मी ठाम होते. ह्यांचं म्हणणं, "मग आई चढणार कशी?" दोन्ही म्हणणी खरी होती. शेवटी सहा पायऱ्या केल्या, प्रत्येक फक्त पाच इंच उंच आणि फूटभर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. वर दारासमोर चार फुटांचा ओटा. दार बाहेर उघडतं, त्यामुळे आतली जागा अडत नाही. आणि त्या ओट्यावर आई रोज संध्याकाळी शेंगा सोलत, भाजी निवडत बसतात. आता खोलीपेक्षा ओटाच जास्त वापरात आहे, असं मला वाटतं.

आमच्याकडची माती काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती दोन फूट काढून मुरूम भरला आणि धुम्मस करून, म्हणजे ठोकून घट्ट करून घेतला. विजेचे बोर्ड सगळे साडेतीन फुटांवर, वायरिंग वरून खाली आणलेलं. पुराने शिकवलेलं विसरायचं नव्हतं.

बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पश्चिमेचं ऊन सर्वांत वाईट, आणि वारा मात्र नेमका नैर्ऋत्येकडूनच येतो. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी ठेवली नाही, आतून जमिनीपासून छतापर्यंत कपाट केलं. त्यात गाद्या, रजया, दिवाळीची भांडी. भिंत तापली तरी ती झळ कपाटात अडते. संध्याकाळी सहाला बाहेरून भिंतीला तळहात टेकवला तर चटका बसतो, आणि आत कपाटाचं दार कोमटही लागत नाही. वाऱ्यासाठी दक्षिणेची खिडकी नैर्ऋत्य कोपऱ्याच्या जवळ घेतली, आणि समोर उत्तरेला वर झरोका, गरम हवा बाहेर जायला. स्लॅबवर पांढरं चायना मोझेक, म्हणजे चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे बसवलेले, आमच्याकडे जुन्या गच्च्यांवर असतं तसंच.

दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे. बडोदं कर्कवृत्ताच्या जरासं खाली, त्यामुळे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि छज्जा खिडकी पूर्ण झाकतो. डिसेंबरमध्ये तो दुपारी दक्षिणेकडे क्षितिजापासून ४४ अंशांपर्यंत उतरतो. तेव्हा बाराच्या सुमारास खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून ऊन थेट माझ्या कीबोर्डवर येतं. थंडीत बोटं गारठली की मी तिथेच हात ठेवून बसते.

बांधायला घेण्याआधी महानगरपालिकेत मार्जिनचं विचारून या, कुंपणापासून किती जागा सोडायची ते आधी कळलेलं बरं. आणि जमलं तर संडास-मोरी जोडूनच घ्या. आम्ही जागा वाचवायला नाही घेतली. भर पावसात, रात्री दोन वाजता, नणंदेला छत्री घेऊन अंगण ओलांडून घरात यावं लागलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. या दिवाळीनंतर ओट्याच्या डाव्या बाजूला, त्याच उंचीवर, चार बाय पाचची मोरी काढायची ठरली आहे.