पांढऱ्या ट्रेमधले तळे

तळ्याकाठी आलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना मी आधी एकच प्रश्न विचारते : हे पाणी चांगले आहे का? नितळ ते चांगले आणि गढूळ ते वाईट, असा निकाल लगेच मिळतो. तो खोडून न काढता मी काठावरच्या पाणवनस्पतींमधून बारीक जाळी फिरवते, हाती आलेले सारे पाण्याने भरलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये सोडते आणि पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, अशी अट घालते. (ती आजवर कोणी पाळलेली नाही.)

प्रथम नुसता काडीकचराच दिसतो. मग गाळ खाली बसतो आणि एखादी काडी चालू लागते. एकदा चतुराची मातकट अळी निपचित पडून होती. एका मुलीने पेन्सिलीचे टोक जवळ नेताच ती पाय न मारता सुळकन पुढे गेली. ही अळी मागच्या बाजूने, म्हणजे चक्क गुदद्वारातून, पाणी आत घेते, आतल्या कल्ल्यांनी त्यातला प्राणवायू शोषते आणि घाईच्या वेळी तेच पाणी जोराने बाहेर फेकून पुढे झेपावते, हे सांगितल्यावर पिकलेला हशा ओसरेपर्यंत मला थांबावे लागले. पाण्यात विरघळलेला प्राणवायू म्हणजे काय, हे त्यानंतर फारसे समजवावे लागले नाही.

गाळातल्या काही बारीक अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असते. त्यामुळे प्राणवायू फार कमी असलेल्या पाण्यातही त्या तग धरतात. त्या सापडल्या म्हणजे पाणी बिघडलेच, असे नाही. बाकी कोणीच न सापडता फक्त त्याच सापडल्या, तर मात्र शंका घ्यावी. म्हणून वहीत ‘कोण दिसले’ याच्याइतकेच ‘कोण दिसले नाही’ हेही लिहायला सांगते. डासांच्या अळ्यांबाबत मी पूर्वी चुकीचे शिकवत असे. खरे तर त्या शेपटीकडच्या नळीने थेट हवा घेतात, त्यामुळे पाण्यातल्या प्राणवायूविषयी त्यांची साक्ष निरुपयोगी ठरते.

ट्रे सावलीतच ठेवावा. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. उथळ ट्रे तर उन्हात बघता बघता तापतो. अर्ध्या तासाने आम्ही तो पाण्यालगत तिरका धरून हळूच रिकामा करतो. मागच्या वेळी एक गोगलगाय तळाला चिकटून बसली होती आणि ती आपणहून सुटेपर्यंत अख्खा वर्ग उकिडवा बसून राहिला.