दुसरी बाजू, तिसरं गाणं

दादा म्हणतोय, मागवलेली जुनी रेकॉर्ड झिजलेली निघाली तर परत पाठवून दे, पैसे मिळतील. प्रश्न पैशांचा नाही. म्हणजे तोही आहे, पण घरात त्यावर जे बोलणं झालं ते इथे नको.

‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची रेकॉर्ड. १९६७ ची, मोनो (म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नाही), कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीचं निळं-काळं लेबल. उजेडात तिरकी धरून पाहिली तर कुठे चरा नाही. विकणाऱ्याने फसवलं असंही म्हणवत नाही, कारण ही झीज डोळ्यांना दिसतच नाही. त्या काळच्या स्वस्त प्लेअरचा सुई धरणारा हात जड असायचा आणि सुई खाचेच्या भिंती घासत जायची. ते ऐकल्यावरच कळतं.

पहिली बाजू छान वाजली. दुसऱ्या बाजूला ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ तर काय सांगू! स्टीरिओत शेवटी आवाज डावीकडून उजवीकडे भिरभिरतो. मोनोत सगळं समोरून अंगावर येतं. मोनो हवी होती ती यासाठीच. मग ‘द नोम’. आणि मग ‘चॅप्टर ट्वेंटी-फोर’ लागलं आणि बँडचा गायक सिड बॅरेटचा आवाज कडांना फाटायला लागला. आत केंद्राकडे जाताना आवाज थोडा बिघडतोच, म्हणून आधी तेच वाटलं. पण पुढचं ‘द स्केअरक्रो’ पुन्हा स्वच्छ! म्हणजे कुणीतरी हे एकच गाणं परत परत लावलं होतं. सुई उचलायची, मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचं.

तेव्हापासून त्या माणसाचा हेवा वाटतोय. रेकॉर्ड खराब केली म्हणून रागही यायला हवा होता, तो आला नाही. हेवाच.

कारण त्याच्यासाठी (किंवा तिच्यासाठी) ते नवं गाणं होतं. ‘आय चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथातून शब्द उचलणारा एक तरुण गातोय, एवढंच. १९६८ च्या एप्रिलपर्यंत सिड बँडबाहेर गेलेला असेल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? मला ते ठाऊक नसताना हे गाणं एकदाही ऐकता आलेलं नाही. प्रत्येक ओळीत मी पुढचं शोधत बसतो. छायाचित्रकार व्हिक सिंगने प्रिझम लावून काढलेला कव्हरवरचा तो फोटो बघतानाही तेच, चार चेहऱ्यांतला सिडचाच आधी हुडकतो. आपण कायम सगळं संपल्यावर पोचतो, असं वाटून आज संध्याकाळ वाईट गेली. आईच्या वस्तू आवरताना असंच काहीसं... जाऊ दे.

रात्री ते गाणं मुद्दाम पुन्हा लावलं. फाटलेलंच वाजलं, पण मी सिडऐवजी त्या अनोळखी ऐकणाऱ्याकडे लक्ष देत होतो आणि पहिल्यांदाच पुढचं काही आठवलं नाही. इतकं आवडतं गाणं असूनही त्या माणसाने कव्हरचा एक कोपरा दुमडू दिलेला नाही. तेव्हा माझ्याकडे असती तर मीही झिजवलीच असती. मग हेवा थोडा बसला. गेला नाही, राहू दे.

दादाला कळवलंय, परत पाठवत नाही. कोनिकल (गोल टोकाची) सुई काढून इलिप्टिकल (लंबगोल टोकाची) लावून बघणार आहे. ती भिंतीला जरा वेगळ्या जागी टेकते, तिथे खाच अजून शाबूत असू शकते.