फोटो क्रमांक ४१

"मॅडम, बॅटरी आडवी का मारताय?"

मुंबईत बॅटरी म्हणजे टॉर्च, आणि आत घालायचे ते सेल. लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मे महिन्यातल्या दुपारी ऐंशीच्या पुढच्या एका काकांनी मला हे विचारलं. सात महिने होत आले, प्रश्न डोक्यातून गेलेला नाही.

मी स्ट्रक्चरल ऑडिट करते. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी झाली की तिची तपासणी करून घ्यावी लागते आणि शेवटी तिला एक वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे माणसं राहात असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. लोकांना वाटतं की सगळं यंत्रांवर ठरतं. यंत्रं असतात, पण निम्मा दिवस नुसतं बघण्यात जातो. तेही अंधारात: जिन्याखाली, माळ्यावर, सामायिक न्हाणीच्या खालच्या तुळयांमध्ये.

म्हणून माझ्या पिशवीत तीन टॉर्च असतात. पहिला लांब मारणारा, छपरासाठी. दुसरा पसरट उजेडाचा, फोटोसाठी. तो मी नेहमी मधल्या पायरीवर ठेवते, कारण पूर्ण ताकदीवर टॉर्च तापतो, स्वतःच उजेड कमी करतो आणि लागोपाठचे दोन फोटो जुळत नाहीत. स्वस्त टॉर्चमध्ये उजेड कमी करण्यासाठी एलईडी भराभर चालू-बंद होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोत काळे आडवे पट्टे येतात आणि मालक विचारतो, "ह्या भेगा का?" तिसरा टॉर्च बोटभर लांबीचा. त्याच्या उजेडात रंग खरे दिसतात. तो सगळ्यात महाग पडला आणि ऑफिसातल्या एकालाही त्याची गरज पटत नाही. निळसर पांढऱ्या उजेडात ओलं सागवान, सुकं सागवान आणि कुजलेलं सागवान तिन्ही सारखीच राखाडी दिसतात. लाकडात तांबूसपणा शिल्लक आहे की नाही, हेच तर मला बघायचं असतं! डोंबिवलीच्या घरी आणखी सतरा टॉर्च आहेत, बहुतेक जुने पितळी. तो शौक. हे तीन म्हणजे हत्यारं.

आता आडव्या बॅटरीबद्दल. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने भिंतीचा फोटो काढला तर भिंत सपाट येते, कारण समोरच्या उजेडात सावली पडत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून उजेड तिच्यावरून घासत नेला की प्रत्येक उंचवटा उभा राहतो. भिंतीशी पाच अंशांचा कोन धरला तर दोन मिलिमीटरच्या उंचवट्याची सावली जवळपास २३ मिलिमीटर लांब पडते. मी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवते, आठ सेकंद शटर उघडं ठेवते आणि तेवढ्यात टॉर्च भिंतीवरून एका संथ गतीने फिरवते. हे मला चांगलं जमतं. त्या दिवशीही जमलं. काकांच्या खोलीतल्या विटांच्या भिंतीने पोट काढलंय असं स्क्रीनवर स्वच्छ दिसत होतं, बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं इतकं.

काकांनी स्क्रीन बघितली, मग भिंत बघितली, आणि तो प्रश्न विचारला. पुढे म्हणाले, "समोरून मारा की. एवढी पुढं आलेली नाही ती. मी रोज हिच्याकडे तोंड करून जेवतो."

घाबरलेले रहिवासी असं बोलतातच. मी उत्तर देणार होते, तोवर त्यांनी खाटेखालून तेलकट फडक्यात गुंडाळलेली मीटरभर लांब पोलादी पट्टी काढली. काका १९८२च्या संपापर्यंत मिलमध्ये फिटर होते. पाठोपाठ त्यांची बॅटरी आली: तीन सेलची, पितळी, घासून चकचकीत. डोकं फिरवलं की झोत बारीक होणारी, बुडाच्या झाकणात जादा बल्ब ठेवायची जागा असलेली. सेल वेगळ्या डबीत. "आत ठेवले की फुटतात," ते म्हणाले. बरोबरच आहे. जुन्या पद्धतीच्या सेलचं जस्ताचं भांडंच झिजून वीज देतं, आणि ते झिजलं की आतलं द्रव्य बाहेर येऊन पितळ खातं. माझे दोन चांगले टॉर्च असेच गेले. मी कामावर आले आहे हे क्षणभर विसरले.

काकांनी पट्टी भिंतीला उभी लावली आणि पाठीमागून उजेड टाकला. यंत्राचा भाग सपाट आहे का, हे फिटर असंच बघतात. फट असेल तिथून उजेड गळतो. पट्टीच्या वर आणि खाली उजेडाच्या दोन पाती दिसल्या, मध्ये काळोख. म्हणजे फुगवटा खरा होता. मग त्यांनी नाण्याने टिचकी मारली. डबडब. "हा गिलावा बोलतोय, वीट नाही."

मी ओळंबा सोडला. त्यांच्या परवानगीने तीन ठिकाणी तळहाताएवढा गिलावा काढला आणि दोरीपासून विटेचं अंतर मोजलं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक, म्हणजे गवंड्याच्या हाताचाच. भिंत ओळंब्यात होती. गिलावा विटेपासून बोटभर सुटला होता. माझ्या फोटोत ह्या दोन गोष्टी सारख्याच दिसत होत्या, कारण तिरका उजेड फक्त पृष्ठभाग सांगतो, आतलं काहीच नाही. हे मला माहीत होतं. तरी फोटो इतका चांगला आला होता की मी ओळंबा नंतर सोडणार होते.

मी समोरच्या उजेडातही एक फोटो घेतला. अहवालात तो क्रमांक ४१. आडव्या उजेडातला ४२.

त्याच दुपारी गॅलरीच्या टोकाला, न्हाणीच्या खाली, तुळईचं टोक भिंतीत जिथे बसतं तिथे मी छोटा टॉर्च घातला. लाकडात तांबडा कणही नव्हता. स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, भिजलेल्या खाऱ्या बिस्किटात जावा तसा. मजल्याचा भार ह्या टोकांवर असतो. मी अशी २६ टोकं तपासली, ११ गेलेली होती. काकांना बोलावलं. त्यांनी झोत बारीक केला, बराच वेळ आत बघितलं.

"हे खरं," ते म्हणाले. "ह्याचा फोटो लावा."

"येत नाही, काका."

खरंच येत नव्हता. आरसा लावून बघितला, उजेड दोन बाजूंनी टाकून बघितला. प्रत्येक वेळी काळं भोक.

अहवाल सी-१ गेला, आणि तुळया बघता तो चूक होता असं मला आजही म्हणवत नाही. पण कव्हरवर सरांनी फोटो ४२ लावला. खाली ओळ: "भिंतीचा फुगवटा." ४१ काढून टाकला, कारण त्यात "काही दिसतच नाही". माझी ओळंब्याची मापं आणि ११ टोकं पान ६३ वर गेली. सर उत्तम इंजिनीअर आहेत, लाकूड त्यांच्याइतकं कळणारी माणसं मी कमी बघितली. पण लोक वाचत नाहीत, फक्त चित्रं बघतात, असा त्यांचा ठाम समज आहे आणि ते त्याप्रमाणे अहवाल बांधतात. मी तेव्हा एकदाच बोलले. पुन्हा बोलले नाही.

रहिवाशांनी दुसरा ऑडिटर आणला. त्याचा अहवाल सी-२बी. त्याच्या पहिल्याच पानावर आमचं कव्हर छापलंय आणि लिहिलंय की ही भिंत सरळ आहे, फक्त गिलावा सुटलाय. अगदी बरोबर. तुळईच्या टोकांबद्दल दोन ओळी: जागा पोचण्याजोगी नाही. मी पोचले होते! गुडघे सोलले होते तिथे. पण आमची भिंत खोटी ठरल्यावर आमची तुळई कोण वाचणार? अहवाल जुळले नाहीत की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, तसं ते गेलं. माणसं तिथेच राहताहेत.

नोव्हेंबरमध्ये काकांचा फोन आला. "पोरी, तो समोरचा फोटो लावलास का?" मे महिन्यात मी मॅडम होते. मी नाही म्हटलं. ते रागावले नाहीत, एकदा येऊन जा म्हणाले.

रविवारी गेले. न्हाणीखाली त्यांनी स्वतःच्या पैशाने दोन टेकू लावून घेतले आहेत. तुळई भिंतीत जाते तिथे, तिच्या खालच्या कडेला लागून, भिंतीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली आहे, शेजारी तारीख. अशा तीन रेघा, एकाखाली एक. रोज रात्री जेवण झालं की सेल घालून बघतात, म्हणाले. पहिल्या आणि तिसऱ्या रेघेतलं अंतर मी भेग मोजायच्या पट्टीने मोजलं. ०.८ मिलिमीटर. तिन्ही रेघा टेकू लावायच्या आधीच्या आहेत, त्यानंतर नवी रेघ ओढावी लागलेली नाही.

काकांनी माझ्यासाठी बॅटरी धरली, समोरून. तीन रेघा, तीन तारखा, सगळं वाचता येतं. फोटो आणि मापं सोमवारी सरांना दिली, समितीकडे पाठवण्यासाठी. सोबत ४१ पण जोडलाय.