उघडता येईल असं आर्केड कॅबिनेट: टोकियोहून कोल्हापूरकरांसाठी

टोकियोतल्या जुन्या धाटणीच्या गेम सेंटरमध्ये शिरा. बुटकी मशिन्स रांगेत उभी असतात, पुढ्यात छोटी स्टुलं, आणि १०० येनचं नाणं टाकलं की डाव सुरू. कोल्हापुरात नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेमच्या दुकानात उभ्या उभ्या 'मुस्तफा' खेळलेल्यांना (कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', त्याला त्या नावानं कोण ओळखतंय!) पहिला फरक जाणवतो तो बसून खेळण्याचा. खरा फरक मात्र स्टिक बिघडल्यावर दिसतो. कामगार येतो, कुलूप काढतो, आख्खं कंट्रोल पॅनेल बिजागरीवर वर उचलतो, स्टिक बदलतो आणि पॅनेल बंद करून जातो. सेगाचं १९९३ चं अॅस्ट्रो सिटी काय किंवा टाइटोचं एग्रेट टू काय, ही कॅबिनेटं मुळात उघडण्यासाठीच बांधलेली आहेत. आपल्याकडची घरगुती कॅबिनेटं बंद करण्यासाठी बांधलेली असतात. चार-पाच वर्षांनी ती मोडीत निघतात त्यामागं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

जुनं घरगुती कॅबिनेट नव्यानं बांधायचं असेल तर आधी ते कुठं खराब झालंय ते पाहा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या पाटीचा) तळ पाणी पितो आणि कडेनं फुगतो. एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही. तिथं स्क्रू धरत नाही आणि फेविकॉल ओतून काही होत नाही. तो भाग टाकून द्यायचा. आत जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही असेल तर जास्त सावध राहा. ट्यूबच्या बाजूला रबरी टोपीखाली जी वायर जाते तिथं वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो उरतो. शिवाय जुन्या टीव्हीच्या कित्येक सर्किटांना थेट मेनचा करंट लागलेला असतो. हे काम टीव्हीवाल्या मेकॅनिकचं, हौशी माणसाचं नव्हे. ट्यूबवरचं चित्र एलसीडीपेक्षा या खेळांना जास्त शोभतं हे खरं, पण घरात लहान पोरं असतील तर आमचा कौल एलसीडीला.

माप ठरवताना सुरुवात दारापासून करा. खोलीचं दार अडीच फुटी, म्हणजे साधारण ७६० मिमी. चौकटीत थोडं जातं, म्हणून कॅबिनेटची बाहेरची रुंदी ७२० मिमी धरा. अठरा मिमीचा प्लाय दोन्हीकडं गेला की आत ६८४ उरतात. सत्तावीस इंची मॉनिटर स्टँड काढल्यावर साधारण ६१५ मिमी रुंद भरतो, तो आरामात बसतो. बाजूच्या पाट्या १२०० बाय ७०० घ्या. आठ बाय चारच्या शीटमध्ये (२४४० बाय १२२०) त्या लांबीला लागोपाठ बसतात आणि करवतीच्या पात्याची जाडी जाऊनही जागा उरते. उंची १२५० केलीत की एका शीटमध्ये दोन पाट्या येत नाहीत, खर्च वाढला. खाली १०० मिमी उंचीचा लोखंडी अँगलचा स्टँड द्या, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही आणि वाळवीची वाट डोळ्यांना दिसेल. तळ, पुढचं-मागचं दार आणि मॉनिटरची पाटी दुसऱ्या शीटमधून निघते. प्लाय बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचाच घ्या. आणि सनमायका लावाल तर दोन्ही बाजूंनी. बाहेरून चकचकीत आणि आतून कोरं ठेवलं की पाटी हमखास बाक घेते, मग दार लागत नाही. आतल्या बाजूला स्वस्तातला चालतो. कडांना २२ मिमीची पीव्हीसी पट्टी.

आता पॅनेल. इथं जीव ओतायचा. जपानी स्टिक आणि बटणं पातळ पत्र्यासाठी बनलेली असतात. सान्वा या जपानी कंपनीची ३० मिमीची ओबीएसएफ बटणं पत्र्याच्या भोकात दाबली की दोन्हीकडच्या जिभा खटकन अडकतात. अठराच्या प्लायमध्ये त्या जिभांना धरायला काहीच सापडत नाही, बटण बोटाबरोबर वर येतं. सान्वाचीच जेएलएफ स्टिक जाड लाकडाखाली लावली तर दांडी तेवढीच आखूड होते आणि गोळा पॅनेलला टेकल्यासारखा वाटतो. मग लोक लाकूड खालून कोरत बसतात, ते पातळ होतं, आणि जोरात खेळलं की तडकतं. हा सगळा व्याप नको असेल तर १६ गेजचा, म्हणजे साधारण १.६ मिमी पत्रा घ्या. शिवाजी उद्यमनगरात लेझर कटिंग आणि बेंडिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं की काम होतं. फाउंड्री आणि मशिन शॉपचं शहर आहे आपलं, इथल्या पोरांना टोकियोतल्यासारखं तयार पॅनेल मागवत बसायची गरज नाही.

ड्रॉइंगमध्ये तीन गोष्टी लिहा. एक, बटणाचं भोक ३०.३ मिमी. पावडर कोटिंगचा थर प्रत्येक बाजूला ६० ते ८० मायक्रॉनचा बसतो, भोक बरोबर ३० ठेवलं तर बटण आत जात नाही आणि कानस मारली की कोटिंग निघतं. स्टार्टची बटणं २४ मिमीची असतात, त्यांनाही तोच हिशोब. दोन, चारही कडा २५ मिमी खाली मुडपलेल्या आणि दोन खेळाडूंच्या मधोमध आतून एक अँगल. सपाट पत्रा ६८४ मिमीच्या अंतरात हलतो, आणि पॅनेल हललं की सगळा खेळच थिल्लर वाटतो. तीन, स्टिक बसवायला मागून एम-४ चे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) वेल्ड केलेले, म्हणजे वर हाताला स्क्रूची डोकी लागत नाहीत.

अंतरं आधी पुठ्ठ्यावर काढून त्यावर हात ठेवून बघा. बटणांच्या केंद्रातलं अंतर ३६ मिमी, स्टिकपासून पहिल्या बटणापर्यंत ९० मिमीच्या आसपास, आणि बटणांची ओळ सरळ न ठेवता बोटांच्या लांबीप्रमाणे किंचित चढ-उतार. पॅनेलची वरची बाजू जमिनीपासून ७०० मिमी. साध्या खुर्चीची बैठक ४३०-४५० असते, मांडी पॅनेलखाली जायला एवढी जागा लागतेच, म्हणून पॅनेलची पेटी ८० मिमीपेक्षा खोल करू नका.

मागची कड बिजागरीवर, पुढं आतून दोन कड्या. पॅनेल वर उचलल्यावर ते उभं राहायला एक दांडी द्या, गाडीच्या बॉनेटला असते तशी. जिथं जिथं परत उघडायचं आहे तिथं लाकडी स्क्रू नको. प्लायमध्ये स्क्रू पाच-सहा वेळा काढघाल केला की भोक ढिलं होतं. एम-५ चे टी नट (लाकडात रुतणारे दातेरी नट) मागून ठोकून बोल्ट लावा. पंचवीस-तीस नट पुरतात आणि खर्च किरकोळ. मागचं दार मात्र पूर्ण उंचीचं ठेवा. अर्ध्या दारातून हात घालून मॉनिटरची केबल शोधण्यासारखं चिडचिडं काम दुसरं नाही.

मॉनिटरबद्दल गणित एकदा करून ठेवा. सत्तावीस इंची सोळा-नऊ पडद्याची उंची ३३६ मिमी, म्हणजे जुन्या ४:३ खेळाचं चित्र ४४८ बाय ३३६, तिरकस २२ इंच. पुरे झालं. पण १९८० चा पॅकमॅन उभ्या पडद्याचा खेळ आहे, २२४ बाय २८८ पिक्सेलचा. आडव्या पडद्यात त्याचं चित्र जेमतेम २५० मिमी रुंद राहतं आणि दोन्हीकडं काळं. एग्रेट टूचा पडदा याचसाठी फिरवता येतो. घरच्या कॅबिनेटमध्ये उभा मॉनिटर ६१५ मिमी उंच होतो, आणि तो फिरवायचा तर मागं व्हेसाची (मॉनिटरच्या पाठीवरच्या ठराविक भोकांना बसणारी) १०० बाय १०० ची प्लेट आणि मधोमध एक बोल्ट-बेअरिंग लागेल. पण फिरताना कोपरा अडतो तो तिरकस मापात, आणि सत्तावीस इंचीचं ते माप बाहेरून सातशेच्या वर जातं. म्हणजे ६८४ च्या पेटीत तो आतल्या आत फिरणार नाही, काढून उभा लावावा लागेल. आत फिरवायचाच असेल तर चोवीस इंची घ्या. चित्र लहान होईल, पण रोज उभं-आडवं करणाऱ्यानं तेच घ्यावं.

पुढची काच पाच मिमी टफन. टफन केल्यावर ती कापता येत नाही की भोक पाडता येत नाही, म्हणून चौकट तयार झाल्यावर माप घ्या. अॅक्रिलिक स्वस्त पडतं, पण एका पुसण्यात ओरखडे.

वायरिंगमध्ये चुका कमी असतात, पण ज्या असतात त्या छळतात. सगळ्या स्विचांचं एक टोक ग्राउंड, ते एका वायरनं माळेसारखं जोडत जायचं. सान्वाच्या बटणांना २.८ मिमीची थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं) लागतात, अमेरिकन धाटणीच्या मायक्रोस्विचला ४.८ ची. सोल्डर करू नका, बटण बदलताना पंचाईत होते. थिंबल क्रिंप करा आणि प्रत्येक खेळाडूच्या वायरी एका कनेक्टरवर आणा, म्हणजे पॅनेल सुटं काढता येईल. बाजारात स्वस्तातले यूएसबी एन्कोडर मिळतात, बटणांचे दाब कॉम्प्युटरला कळवणारे छोटे बोर्ड. दोन खेळाडूंसाठी सारखेच दोन घेतले तर चालू करताना कधी कधी पहिला दुसरा होतो आणि दुसरा पहिला, कारण कॉम्प्युटरला दोघांत फरकच दिसत नाही. दोन्ही खेळाडूंच्या वायरी घेणारा एकच एन्कोडर बसवा, प्रश्न मिटला.

खेळ चालवणारा छोटा कॉम्प्युटर म्हणून रास्पबेरी पाय ४ लावलात, तर त्याला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अधिकृत अॅडॉप्टर द्या. मोबाइल चार्जर आणि बारीक केबल लावली की पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली जातो, पडद्यावर पिवळी वीज चमकते आणि खेळ अडखळतो. लोक दोष सॉफ्टवेअरला देतात. लाईट अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून बंद करायचं वेगळं बटण द्या आणि सगळं जुळल्यावर कार्डाची एक नक्कल काढून कॅबिनेटच्या आतच चिकटवून ठेवा. खेळ सुरू होत नसेल तर आधी रॉमचा, म्हणजे खेळांच्या फायलींचा संच तपासा: मेम २००३ ला (जुने आर्केड खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) ०.७८ आवृत्तीचाच संच लागतो, नवा चालत नाही.

मेनसाठी फ्यूज आणि स्विच असलेलं तीन पिनी सॉकेट मागं बसवा. लोखंडी पॅनेल, स्टँड आणि एसएमपीएसची (पॉवर सप्लायच्या पेटीची) बॉडी अर्थिंगला जोडा. पॅनेल बिजागरीवर हलतं, त्यामुळं बिजागरीवर विसंबू नका, वेगळी लवचीक हिरवी वायर टाका. मॉनिटर घेताना एक तपासा: चालू असताना प्लग काढून परत लावला तर तो आपोआप चालू होतो का? नाही झाला तर रोज दार उघडून त्याचं बटण दाबायची वेळ येईल. हवेसाठी तळाला भोकं, वर १२० मिमीचा पंखा, आणि दोन्हीवर सहा मिमीपेक्षा बारीक जाळी. उंदराला एसएमपीएसची ऊब फार आवडते.

कुणाला जपानचं अस्सल बोर्ड लावायचं असेल तर जामाचा, म्हणजे आर्केड बोर्ड कॅबिनेटला जोडायच्या ठराविक पद्धतीचा ५६ पिनी हार्नेस (वायरींचा जुडगा) घ्या. सातव्या पिनेच्या जागी खाच असते, त्यात प्लास्टिकची किल्ली बसवलेलीच हवी. बोर्ड उलटं घातलं तर ते जळू शकतं. पाच व्होल्ट एसएमपीएसवर न मोजता बोर्डच्या कडेला मोजा, कारण बारीक वायरीत दाब पडतो. आणि जुनी कॅबिनेटं जपानहून मागवायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी: जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता ते मशिन २३० च्या सॉकेटमध्ये घातलं तर पहिल्याच सेकंदाला पॉवर सप्लाय जाईल.