आधी जोतं, मग खांब: जुनं पुणं दाखवायचा क्रम

शनिवारवाडा बघून बाहेर पडलेला पाहुणा हमखास म्हणतो, "आत तर काहीच नाही!" त्याचं खोटं नाही. चूक दाखवणाऱ्याची असते. तो दिल्ली दरवाजातून आत नेतो, 'काका मला वाचवा' ऐकवतो, अमावास्या-पौर्णिमेचं भूत चिकटवतो आणि अर्ध्या तासात सगळ्यांना बाहेर काढतो. १८२८ च्या आगीत लाकूड जळून गेलं, उरली ती जोती, म्हणजे इमारतींचे दगडी चौथरे. ती कशी वाचायची हे कोणी सांगितलंच नाही, तर समोर बाग आणि दगड एवढंच दिसणार.

त्यामुळे फेरीचा क्रम असा लावा की जोती शनिवारवाड्यात बघायची आणि त्यांच्यावर काय उभं होतं ते विश्रामबागवाड्यात. दोन्ही एकाच सकाळी, आणि शनिवारवाडा आधी. उलटं केलं तर गंमत जाते.

सुरुवात कसबा गणपतीपासून करावी. पुण्याचं ग्रामदैवत, आणि कसबा ही इथली सगळ्यात जुनी वस्ती. सकाळी साडेसात ही चांगली वेळ. रस्ते मोकळे असतात, बोललेलं ऐकू येतं. नऊनंतर शिवाजी रस्त्यावर उभं राहून काही सांगणं म्हणजे हॉर्नशी भांडण. म्हणून सांगायचं ते आवारात, चौकात किंवा बोळात सांगा, रस्त्यावर फक्त चाला. गट बारा-पंधराच्या वर नको, नाहीतर मागचा माणूस रस्ता ओलांडेपर्यंत पुढच्यांची गोष्ट संपलेली असते.

वाटेत लालमहाल लागतो. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: आज दिसते ती वास्तू महापालिकेने १९८० च्या दशकात बांधलेली आहे. शहाजीराजांचा मूळ वाडा कधीच नाहीसा झाला. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा छापा जरूर सांगा, पण "याच खिडकीतून खान पळाला" असं बोट दाखवून सांगू नका. दहा मिनिटं पुरेत.

आता शनिवारवाडा. पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वार शनिवार. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, आणि त्याचा त्रास फोटो काढताना होतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दरवाजाचा दर्शनी भाग सावलीत आणि ऊन थेट कॅमेऱ्यात. सगळ्यांचा एकत्र फोटो आत गेल्यावर, दरवाजाकडे तोंड करून काढा.

दरवाजापाशी पाच मिनिटं थांबा. खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत, कारण दार फोडायला हत्तीने धडक देऊ नये. फळीतली दिंडी, म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार, बघा: आत येणारा एकेकटा आणि वाकूनच येणार. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, वळते. धावत येणाऱ्यांचा वेग मोडायची ही साधी युक्ती. तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. दगडी वाडा बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्याला गेली म्हणून वर विटा आल्या, असं सांगतात. ऐकीव गोष्ट म्हणूनच सांगा.

आणि मग लगेच बागेत जाऊ नका. आधी तटावर चढा. नगारखान्याच्या बाजूने वरून बघितलं की सगळा वाडा नकाशासारखा पसरलेला दिसतो. कुठे मोकळा चौक, कुठे त्याच्याभोवतीचे सोपे (ओसऱ्या), कुठे नुसता कारंज्याचा हौद. खालून हे कधीच कळत नाही. पावसाळ्यात दगडी पायऱ्यांवर शेवाळं धरतं, गुळगुळीत तळव्यांची चप्पल घातलेल्यांना खालीच ठेवा.

खाली उतरलात की जोत्यावर तळखडे शोधायला लावा. तळखडा म्हणजे लाकडी खांबाखालचा दगड. जमिनीची ओल खांबाला लागू नये, म्हणून तो. दोन तळखड्यांमधलं अंतर पावलांनी मोजून घ्या आणि लक्षात ठेवायला सांगा, पुढे लागणार आहे. सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं बहुतेक वेळा कोरडंच असतं. तरी तिथे पाण्याची गोष्ट सांगाच. नानासाहेबांच्या काळात कात्रजला तलाव बांधून शहरात पाणी आणलं ते निव्वळ उतारावर, बंदिस्त दगडी नळातून. नळात हवा अडकली की पाणी अडतं, म्हणून वाटेत जागोजागी हवा बाहेर पडायला उसासे ठेवले. पंपाशिवाय पाणी कसं आलं, यावर शाळकरी मुलं खुनापेक्षा जास्त प्रश्न विचारतात.

खुनाची गोष्ट टाळू नये, पण तारखेनिशी सांगावी: ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव जेमतेम अठराचे. 'ध' चा 'मा' दोन मिनिटांत होतो.

नाना फडणवीसांचा नानावाडा बाहेरून बघून अप्पा बळवंत चौकाच्या बाजूने पुढे निघा. तुळशीबागेत दुकानं मांडायच्या आत पोचायला हवं. अकरानंतर नारो आप्पाजींनी बांधलेल्या राममंदिराची वाट क्लिपा आणि बांगड्यांमधून शोधावी लागते, आणि गटातली अर्धी माणसं तिथेच हरवतात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

विश्रामबागवाडा शेवटी. दुसऱ्या बाजीरावाचा हा वाडा. कुठले भाग उघडे आहेत ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, दुरुस्ती अधूनमधून चालू असते. आधी समोरच्या पदपथावरून दर्शनी मेघडंबरी, म्हणजे पुढचा नक्षीदार लाकडी सज्जा, बघा. १८७९ च्या आगीत पुढचा भाग जळाला होता, नंतर पुन्हा बांधला, हे सांगा. मग आत. सुरूच्या झाडाच्या आकाराचे सागवानी खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, लटकती लाकडी केळफुलं, वर कडीपाट म्हणजे तुळया-फळ्यांचं छत. खांबाच्या पायाशी काय आहे? तोच तळखडा. सकाळी मोजलेली पावलं इथे पुन्हा मोजायला लावा. रिकाम्या जोत्यावर माणसं मनातल्या मनात खांब उभे करायला लागतात, ते इथे.

इथून मंडई पाच मिनिटांवर. मूळ नाव रे मार्केट, १८८६ चं. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, आणि आज मंडईला नाव त्यांचंच. अष्टकोनी मध्यभागात उभं राहून वर बघा, पण भाजीवाल्यांच्या वाटेत नको.

एवढी फेरी अडीच-तीन किलोमीटरची, वेळ साडेतीन तास. सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती यात कोंबू नका. दर्शनी भिंतीवरचा साखळदंडाने बांधलेला गेंडा बघायला निवांत वेळ लागतो, तो दुसऱ्या दिवशी. गणेशोत्सवाचे दहा दिवस ही फेरी विसरा, रस्ते मांडवांचे असतात. गाडी मुळीच आणू नका. येताना कसबा पेठ, जाताना मंडई, दोन्ही मेट्रो स्थानकं हाकेच्या अंतरावर आहेत.