आयथ्रीवर टर्मिनलचे रंग बसवताना

लिनक्सवरचं मोठं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट सोडून आयथ्री या टायलिंग विंडो मॅनेजरवर (खिडक्या आपोआप शेजारी-शेजारी मांडणाऱ्या प्रोग्रॅमवर) आले तेव्हा कीबोर्डचे शॉर्टकट अंगवळणी पडायला वेळ लागेल असं वाटलं होतं. ते लवकर जमलं. अडलं ते रंगांपाशी. आधीच्या टर्मिनलमध्ये मेनू होता, त्यात प्रेफरन्सेस, त्यात कलर स्कीम; दोन क्लिकमध्ये काम संपायचं. आता वापरते त्या युआरएक्सव्हीटी या टर्मिनलमध्ये मेनूच नाही. आणि आयथ्रीची कॉन्फिग फाइल वरपासून खालपर्यंत वाचली तरी तिथे टर्मिनलच्या रंगांचं नावही नाही. नसणारच म्हणा, कारण आयथ्रीच्या हातात फक्त खिडकीची चौकट असते. आतल्या अक्षरांशी त्याचा काही संबंध नसतो.

हे समजल्यावर प्रश्न सोपा झाला: एखादं अक्षर निळं दिसतंय, तर ते निळं कोणी केलं? बहुतेक प्रोग्रॅम रंग पाठवतच नाहीत, फक्त क्रमांक पाठवतात. ३० ते ३७ हे अक्षरांचे आठ साधे रंग, ९० ते ९७ त्यांचे उजळ भाऊ. फाइलींची यादी दाखवणारी एलएस ही कमांड डिरेक्टरीसाठी ३४ पाठवते, म्हणजे ‘चौथ्या खणातला रंग दे’. त्या खणात कोणता निळा भरायचा हे टर्मिनल ठरवतं. असे सोळा खण, कलर० ते कलर१५, शिवाय मागची पार्श्वभूमी, मूळ अक्षरांचा रंग आणि कर्सर. एवढं भरलं की काम झालं.

युआरएक्सव्हीटी आणि एक्सटर्म ही टर्मिनलं आपले खण एक्स सर्व्हरच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) रिसोर्स डेटाबेसमधून वाचतात, आणि तो भरायची नेहमीची जागा म्हणजे होम डिरेक्टरीतली डॉट एक्सरिसोर्सेस ही फाइल. तिच्या दोन खोडी आधीच सांगून ठेवते. तिथे टिप्पणी उद्गारचिन्हाने सुरू होते, हॅशने नाही. फाइल डेटाबेसमध्ये भरण्याचं काम एक्सआरडीबी हा प्रोग्रॅम करतो, आणि त्याआधी तो ती सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून काढतो, त्यामुळे हॅशने सुरू होणारी ओळ त्याला आज्ञा वाटते. याचा फायदाही आहे: वर डिफाइन वापरून रंगांना नावं द्यायची आणि खाली तीच वापरायची. दुसरी खोड तारांकनाची. ‘तारा-कलर४’ लिहिलं तर ते सगळ्या प्रोग्रॅमना लागू होतं, पण कुठे ‘युआरएक्सव्हीटी-डॉट-कलर४’ अशी नेमकी ओळ असेल तर त्या टर्मिनलपुरती तीच जिंकते, मग ती फाइलमध्ये वर असो की खाली. कुठून तरी उचललेल्या फाइलमध्ये या दोन्ही ओळी असतात आणि आपण नेमकी हरणारी ओळ बदलत बसतो.

फाइल तयार झाली, तरी रंग जुनेच. फाइल नुसती असून चालत नाही, ती कोणीतरी डेटाबेसमध्ये भरावी लागते. ग्राफिकल लॉगिन स्क्रीनवरून आत शिरलं तर बऱ्याच डिस्ट्रोंत सत्र सुरू करणारी स्क्रिप्ट हे काम परस्पर उरकते. मी मात्र कन्सोलवरून स्टार्टएक्स ही कमांड देऊन सत्र सुरू करते, तेव्हा ती जबाबदारी डॉट एक्सइनिटआरसी या स्क्रिप्टवर येते. त्यात एक्सआरडीबी मर्जची ओळ हवी, आणि ती ‘एक्झेक आयथ्री’च्या वर हवी. एक्झेक झालं की शेलची जागा आयथ्री घेतो, त्यामुळे खालच्या ओळींवर कोणी पोचतच नाही. मर्ज जुन्या नोंदी ठेवून त्यावर भर घालतो, लोड सगळं पुसून नव्याने भरतो. रंगांच्या प्रयोगात मला लोडच बरा वाटतो. मर्जमध्ये फाइलमधून काढून टाकलेली ओळसुद्धा डेटाबेसमध्ये रेंगाळत राहते. आत नक्की काय आहे हे एक्सआरडीबीला क्वेरीचा पर्याय दिला की छापून मिळतं.

उघड्या खिडक्या मात्र बदलत नाहीत. युआरएक्सव्हीटी डेटाबेस वाचतो तो सुरू होतानाच. प्रत्येक छटेसाठी फाइल बदला, लोड करा, नवी खिडकी उघडा, असं करण्यात कंटाळा आला, तेव्हा एस्केप सीक्वेन्स, म्हणजे टर्मिनलला थेट सूचना देणाऱ्या खास अक्षरमाला, हाताशी घेतले. एस्केप, बंद होणारा चौकटी कंस, मग ११ आणि रंगाचा कोड, असं प्रिंटएफने पाठवलं की त्याच खिडकीची पार्श्वभूमी तत्क्षणी बदलते. १० म्हणजे अक्षरं, आणि ४ नंतर खणाचा क्रमांक दिला तर तो खण. शेजारच्या खिडकीत सोळा रंगांच्या पट्ट्या छापणारं छोटं लूप चालवलं आणि पसंत पडेल तेवढंच फाइलमध्ये उतरवलं. दोन खिडक्या आपोआप शेजारी लागतात, टायलिंगचा हा फायदा इथे फार जाणवला.

सुरुवात मी सोलराइज्डपासून केली. ईथन शूनोव्हर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रंगसंगती: आठ राखाडीसर छटा, आठ ठळक रंग. दिसायला सुरेख, पण एलएस चालवलं तर डिरेक्टऱ्या साध्या फाइलींसारख्याच दिसत होत्या. एक्झिक्युटेबल फाइली हिरव्या दिसायच्या, त्या फिकट राखाडी झाल्या होत्या. कारण शोधताना मजा आली. एलएस डिरेक्टरीसाठी नुसता ३४ पाठवत नाही, सोबत बोल्डही सांगतो. युआरएक्सव्हीटीची जुनी सवय अशी की बोल्ड आणि पहिल्या आठांतला रंग एकत्र आले की तो उजळ भाऊ वापरतो, म्हणजे ४ ऐवजी १२. आणि सोलराइज्डने उजळ खणांपैकी बरेचसे राखाडी छटांना देऊन टाकलेत. गडद आवृत्तीत १२ व्या खणात चक्क मूळ अक्षरांचाच रंग बसतो. ८ व्या खणात तर पार्श्वभूमीचा रंग आहे, तेव्हा बोल्ड काळं अक्षर पूर्ण गायब!

उपाय एका ओळीचा: युआरएक्सव्हीटीमध्ये इन्टेन्सिटीस्टाइल्स फॉल्स करायचं. एक्सटर्ममध्ये याच कामाला बोल्डकलर्स आहे. डिरेक्टऱ्या पुन्हा निळ्या झाल्या.

पुढे मी स्वतःचे रंग जमवायला घेतले, आणि ही ओळ बदलल्याचा दुसरा परिणाम तेव्हा दिसला. आता सगळा भार ४ क्रमांकावर, आणि एक्सटर्मचा मूळचा ४ हा गर्द निळा आहे. काळ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट भरतो सुमारे २.२. वेब सुलभतेचे नियम साध्या मजकुरासाठी किमान ४.५ मागतात. उजळ निळा, १२ वा, ४.४ च्या आसपास जातो, म्हणून बोल्डवाली जुनी सवय चालू असताना डोळ्यांना खटकत नव्हतं. मी चौथा खण बराच फिकट, आकाशीकडे झुकणारा केला आणि बाकीचे रंग त्याच्या अंदाजाने लावले. पार्श्वभूमी ठार काळी न ठेवता २८२८२८ ही गडद राखाडी ठेवली. हे सर्वस्वी माझ्या डोळ्यांचं मत.

एवढं करूनही व्हिम हा एडिटर जुमानेना. टर्मगुईकलर्स ही त्याची सेटिंग चालू असेल तर व्हिम क्रमांक न पाठवता थेट चोवीस बिटांचा रंग पाठवतो, मग आपल्या सोळा खणांना कोण विचारतो? निओव्हिमने तर ०.१० पासून, टर्मिनलला झेपत असेल तर, हे आपणहून चालू केलं आहे. २५६ रंगांच्या थीमचंही तेच: १६ ते २३१ हा सहा बाय सहा बाय सहाचा ठरलेला ठोकळा, २३२ ते २५५ चोवीस राखाडी. आपण रंगवलेले खण त्यात येत नाहीत. मी टर्मगुईकलर्स बंद केलं आणि सोळा रंगांतच भागणारी थीम घेतली.

चौकटींचं काम शेवटी, आणि ते सगळ्यात सुटसुटीत. आयथ्रीमध्ये ४.१३ आवृत्तीपासून सेट-फ्रॉम-रिसोर्स आहे: टर्मिनल वाचतं त्याच डेटाबेसमधून रंग घ्यायचा, न मिळाला तर कोणता वापरायचा तेही तिथेच लिहायचं. क्लायंट फोकस्डच्या ओळीत पाच रंग लागतात: शीर्षकपट्टीची कड, तिची पार्श्वभूमी, अक्षरं, इंडिकेटर आणि खिडकीची कड. इंडिकेटरकडे लोक दुर्लक्ष करतात आणि कडेचाच रंग त्यालाही देतात. तसं करू नका. पुढची खिडकी उजवीकडे उघडणार की खाली, हे त्याच बारीक रेघेवरून कळतं. फाइल लोड केली, आयथ्री जागच्या जागी रीस्टार्ट केला, चौकटी टर्मिनलच्या रंगात आल्या.

दुसऱ्या मशीनवर स्वे हा विंडो मॅनेजर आहे, म्हणजे एक्सऐवजी वेलँड. तिथे फुट वापरते. वेलँडवरच चालणारं ते टर्मिनल एक्सरिसोर्सेसकडे ढुंकूनही पाहत नाही, त्यामुळे तेच रंग फुटच्या आयएनआय फाइलमध्ये पुन्हा लिहावे लागले. अलाक्रिटी हे टर्मिनल असतं तर टीओएमएल फाइल लिहिली असती. फाइल सेव्ह करताच उघड्या खिडकीतही रंग बदलतात, ही त्याची सोय मात्र हेवा वाटावा अशी.

एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेलं तरी रंग आपलेच राहतात, कारण तिकडून येतात ते फक्त क्रमांक. घोळ होतो तो टर्म व्हेरिएबलचा, म्हणजे टर्मिनलचं नाव सांगणाऱ्या व्हेरिएबलचा. युआरएक्सव्हीटी स्वतःची ओळख सांगतो आणि सर्व्हरकडे त्या नावाची टर्मइन्फो नोंद (टर्मिनलला काय काय जमतं याचं वर्णन) नसेल तर रंग जातातच, बॅकस्पेसही वेड्यासारखं वागू शकतं. इकडे इन्फोसीएमपी या कमांडने नोंद काढून तिकडे टिक या कमांडला दिली की ती माझ्या होम डिरेक्टरीत बसते, रूटचा पासवर्ड लागत नाही.